खालच्या कप्प्यातली सफरचंदं

चिंगीचे बाबा कवळ्या बनवायचे आणि चिंगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. ओळखीतले लोक म्हणायचे, तुमच्या घरात दात आणि डोळे दोन्ही मिळतात, फक्त कान तेवढे बाहेरून आणावे लागतात. विनोद शिळा झाला होता, पण बाबा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

चिंगी हे तिचं खरं नाव नव्हतं. चाळिशी उंबऱ्यावर येऊन उभी होती, तरी बाबांच्या तोंडून ते जात नव्हतं, आणि तिनंही कधी हरकत घेतली नव्हती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती एक सुटकेस घेऊन परत आली होती. पुढे आई गेली, आणि घराच्या किल्ल्या, दूधवाला, गॅसचा नंबर, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं न बोलता तिच्याकडे आलं. बाहेरच्या खोलीत बाबांचं कामाचं टेबल होतं. त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, बशीत गुलाबी मेण, डबीत सुटे दात. नवीन माणूस आत आला की दचकायचा. चिंगीला मात्र त्या जबड्यांची इतकी सवय होती की धूळ झटकताना ती एखाद्याला सहज खिडकीत वाळत घातल्यासारखी ठेवून द्यायची.

रोपवाल्या बाई या घरात आल्या त्या दाताच्याच निमित्तानं. त्यांची रोपवाटिका रस्त्याच्या टोकाला होती, हिरव्या जाळीखाली. वरचे दोन दात पडले होते आणि दातांच्या डॉक्टरांनी नव्या दातांचा रंग जुळवायला त्यांना थेट बाबांकडे पाठवलं. बाबांनी रंगांची पट्टी काढली, बाईंना उजेडात बसवलं, आणि बराच वेळ एकेक नमुना त्यांच्या दातांशी धरून पाहिला.

"चहा पिता बराच," ते म्हणाले.

"तुम्हाला काय त्याचं?" बाई म्हणाल्या. तोंड उघडंच असल्यामुळे ते नीट ऐकूही आलं नाही.

दात बसले, बिनतक्रार बसले, तरी बाई येतच राहिल्या. कधी टोचतंय म्हणून, कधी सैल वाटतंय म्हणून. मग कारण सांगायचंही सोडून दिलं. उंच, किडकिडीत बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नखांत कायम माती. बोलणं सरळ, कापून दिल्यासारखं.

एक दिवस त्या म्हणाल्या की घाऊक व्यापाऱ्यानं लिलीच्या कंदांऐवजी चुकून ट्यूलिपचे कंद पाठवलेत, ते आता टाकून द्यायचे. इथल्या उकाड्यात ट्यूलिप येत नाही. पानं येतात, फार तर, आणि तीही रुसल्यासारखी.

"का येत नाही?" बाबांनी विचारलं.

"थंडी लागते त्याला. हाडापर्यंत लागते. आपल्याकडे कुठली? स्वेटर बाहेर काढावा की नको म्हणेपर्यंत थंडी संपते."

"थंडी हवी ना? मग घरात फ्रिज आहे की."

बाबांचं सगळं आयुष्य तापमानात गेलं होतं. कवळीचा साचा पाण्यात किती गरम करायचा, किती सावकाश निवू द्यायचा, घाई केली की कसे बुडबुडे येतात, हे त्यांना हाताच्या अंदाजानं कळायचं. त्यामुळे त्यांना हा प्रश्न फुलाचा वाटलाच नाही. त्यांनी कंदांची खोकी घरी आणली. कंद निवडले, मऊ पडलेले बाजूला काढले, बाकीचे कागदी पिशव्यांत भरले आणि फ्रिजच्या खालच्या, भाज्यांच्या कप्प्यात ठेवले. आत एक थर्मामीटर टांगला.

"चिंगे, एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "तीनेक महिने या फ्रिजमध्ये फळ ठेवायचं नाही. सफरचंद तर नाहीच. पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो, वास येत नाही त्याला. पण कंदाच्या आत फूल आधीच तयार झालेलं असतं, एवढंसं, ते त्यानं मरतं. वरून कंद ठणठणीत दिसतो."

"आणि भाज्या?"

"भाज्या वर ठेव. किंवा रोज आण."

चिंगीच्या कपाळाला आठी पडली, पण ती भाज्या वर हलवायला लागली. बाबांना काही तरी खूळ लागावं, हे तिला बरंच वाटलं होतं. आई गेल्यापासून ते काम संपलं की खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे.

मावशीला मात्र ते बरं वाटलं नाही. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. महिन्यातून एकदा यायची, घरभर फिरायची आणि ताईच्या वेळी इथे काय होतं, तिथे काय होतं ते सांगायची. त्या खेपेला ती आली तेव्हा रोपवाल्या बाई बाहेरच्या खोलीत आईच्या स्टुलावर बसून बाबांना शेणखताबद्दल काहीतरी समजावत होत्या. मावशी थेट स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"काय चाललंय हे?"

"कंद," चिंगी म्हणाली.

"मला कंद शिकवू नकोस. म्हातारचळ लागलाय तुझ्या बाबांना. आज कंद, उद्या ती बाई स्वतः बिऱ्हाड घेऊन येईल, आणि तू बस मग गॅलरीत."

"मावशी, हळू बोल."

"ऐकू दे की. मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

चिंगीनं ते हसण्यावारी नेलं. पण मावशी गेल्यावर भांडी विसळताना तिला वाटलं, खरंच, आपण इथे कोण? घर बाबांचं. टेबल बाबांचं. आपली एक सुटकेस होती, ती अजून कपाटावर आहे.

मग बाबांनीच विषय काढला. ते एका कवळीला पॉलिश करत होते. यंत्राचा आवाज थांबवून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"चिंगे, बाई आणि मी लग्न करायचं म्हणतोय."

"म्हणताय की ठरवलंय?"

"ठरवलंय. म्हणतोय ते तुझ्यासाठी."

चिंगी दारातच उभी राहिली. "कधी?"

बाबा थोडं हसले. "त्या म्हणतात, तुमचे ट्यूलिप आले तर बघू. इथे आजवर कुणी आणून दाखवले नाहीत म्हणे."

"आणि नाही आले तर?"

"येतील," बाबा म्हणाले आणि त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर आठवडाभरात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, तो आधी चिंगीनंच दुकानात पकडला होता. डॉक्टर म्हणाले, एक डोळा आत्ता, दुसरा काही आठवड्यांनी. तोवर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही. बाबा आज्ञाधारक रुग्ण होते. खुर्चीत ताठ बसायचे, हिरवी झापड लावून, आणि चिंगी दिवसातून चार वेळा त्यांची मान मागे करून डोळ्यात थेंब घालायची. दुपारचे थेंब घालायला ती दुकानातून धावत घरी यायची.

खालच्या कप्प्याशी वाकणं बाबांना शक्य नव्हतं. म्हणून थर्मामीटर बघायचं काम तिच्याकडे आलं.

"किती?" ते रोज सकाळी विचारायचे.

"पाच."

"छान."

अशात एका संध्याकाळी दुकानात एक म्हातारे गिऱ्हाईक आले. नव्या चष्म्यातून त्यांना पेपरातली बारीक अक्षरं दिसली होती, त्या आनंदात त्यांनी तिला पिशवीभर सफरचंदं दिली. लाल, घट्ट, सुवासिक. चिंगी दमून घरी आली. बाबांचे थेंब राहिले होते, कुकर लावायचा होता. वरचे कप्पे दूध, भाज्या आणि औषधांच्या डब्यांनी गच्च होते. तिनं खालचा कप्पा उघडला, कंदांच्या पिशव्या एका बाजूला सरकवल्या आणि सफरचंदं आत ठेवून दिली.

थेंब घालताना तिला आठवलं. हातातली बाटली तशीच राहिली.

"काय झालं?" बाबांनी मान मागे टाकलेलीच होती.

"काही नाही. डोळा उघडा ठेवा."

जेवण झाल्यावर काढू, असं तिनं ठरवलं. जेवण झालं. बाहेरच्या खोलीत रोपवाल्या बाई येऊन बसल्या होत्या, बाबांना पेपर वाचून दाखवत. बातम्या वाचता वाचता मधेच त्या मंत्र्यांना नावं ठेवायच्या आणि बाबा खुदखुदायचे. चिंगी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभी राहिली. आतून यंत्राची घरघर येत होती. तिनं कप्पा उघडला नाही. ओटा पुसला आणि झोपायला गेली.

पुढचे दिवस तसेच गेले. आपण मुद्दाम काही केलेलं नाही, असं ती स्वतःला सांगायची, आणि ते एका अर्थी खरंही होतं. ठेवली ती चुकून. काढली नाहीत, एवढंच. रोज सकाळी ती कप्पा उघडायची, थर्मामीटर वाचायची, सफरचंदांचा गोड वास नाकात शिरायचा, आणि ती कप्पा लावून टाकायची.

एकदा बाबांनी विचारलं, "आत फळंबिळं नाहीत ना?"

"नाहीत," ती म्हणाली.

हे मात्र चुकून नव्हतं. ते तिलाही कळलं. त्या दिवशी दुकानात तिनं एका बाईचा डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या रकान्यात भरला आणि मालकानं तिला सगळ्यांसमोर झापलं. तिला त्यात जरा बरंच वाटलं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही पार पडलं. झापड निघाली आणि बाबांना जग नव्यानं दिसायला लागलं. भिंतीचा रंग इतका पिवळा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. चिंगीच्या केसांत पांढरं दिसतंय असं ते म्हणाले आणि मग बोललो ते चुकलं की काय म्हणून पुन्हा भिंतीकडे वळले. वाकायची परवानगी मिळायच्या आधी चिंगीनं सफरचंदं काढून दुकानात नेली. साल थोडी सुरकुतली होती. सहकाऱ्यांनी मीठ लावून ती संपवली.

वर्षातले गार दिवस आले, म्हणजे पहाटे चादर पायाशी न लोटता अंगावर राहायला लागली. बाबा आणि बाईंनी मिळून कंद लावले. गॅलरीत, सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली असते अशा जागी कुंड्यांची रांग लागली. बाबांनी प्रत्येक कंद शेंडा वर करून, साच्यात दात बसवावा तसा, मातीत बसवला. बाई त्यांच्या मागून माती दाबत गेल्या. "इतकं सरळ लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "वाकडा लावला तरी तो सरळच वर येतो."

"असू दे. माझ्या समाधानासाठी."

कोंब वर आले. मग पानं आली, रुंद, निळसर हिरवी, मेणचट. आपल्या आयुष्यात इतकी जोरकस पानं पाहिली नाहीत, असं रोपवाल्या बाईंनी कबूल केलं. बाबा कुंड्यांपाशी स्टूल टाकून बसायचे, नव्या डोळ्यांनी बघायचे. मावशीसुद्धा येऊन बघून गेली आणि "कोबीसारखं दिसतंय" एवढंच म्हणाली.

चिंगीच्या मनात त्या दिवसांत दोन्ही होतं. फुलं येऊ नयेत असंही वाटायचं, आणि आली तर आपण सुटलो असंही.

कळ्या दिसल्या तेव्हा त्या कळ्यांसारख्या दिसल्या नाहीत. पानांच्या बेचक्यात, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखं, पांढुरकं, पातळ काहीतरी होतं. बाबांनी थोडे दिवस वाट पाहिली. मग बोटानं दाबून पाहिलं. आत पोकळ होतं. एका कुंडीत तसं, दुसरीत तसं, सगळ्यांत तसंच.

बाईंनी एक कंद उपटला, आत आणला आणि बाबांच्या टेबलावर ठेवून मेण कापायच्या सुरीनं उभा चिरला. चिंगी दाराशी उभी होती. कंद आतून पांढराशुभ्र, रसरशीत होता. मधोमध, जिथून फुलाचा देठ निघतो, तिथे काळपट, सुकलेली काडी होती.

"फळांपाशी होते हे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. दात किडलाय असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

बाबांनी कंदाचा अर्धा तुकडा हातात घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.

"फ्रिज जुना आहे," ते म्हणाले. "मध्ये मध्ये बंद पडतो. त्यात माझे डोळे असे. लक्ष राहिलं नाही."

"फ्रिज बंद पडला तर असं होत नाही," बाई म्हणाल्या.

"आमच्या फ्रिजमध्ये होतं," बाबा म्हणाले.

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा चिंगीकडे. मग सुरी पुसून जागेवर ठेवली.

कुंड्या रोपवाटिकेच्या होत्या आणि त्या परत हव्या होत्या. रविवारी चिंगी हातगाडी घेऊन गेली. बाई जाळीखाली झेंडूची रोपं लावत होत्या. त्यांनी कुंड्या उतरवून घेतल्या, एकेक उलटी करून कंदांसकट माती ढिगावर ओतली. ती हिरवीगार पानं ढिगावर पडली, तशी चिंगीनं त्यातला एक कंद उचलला.

"ठेवायचे नाहीत?"

"कशाला? इथे कंद दुसऱ्या वर्षी उठत नाही. फूल आलं असतं तरी टाकलेच असते." त्यांनी हात झटकले. "सफरचंदं होती का?"

चिंगी म्हणाली, "हो."

"किती दिवस?"

"बाबांना वाकायची बंदी होती तोवर."

"बरेच दिवस," बाई म्हणाल्या. "हा पाइप धर जरा. नळ चालू करते."

चिंगीनं पाइप धरला. पाणी यायला लागलं. बाई दुसऱ्या टोकाला वाफ्यात वाकल्या होत्या, तिकडूनच म्हणाल्या, "तुला वाटलं, फुलं आली नाहीत की मी येणार नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात तसं."

"मी गंमत केली होती. साठी ओलांडलेली माणसं फुलांवर लग्नं ठरवत नाहीत." त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि मी तुमच्या घरी कुठे येतेय? माझी ही एवढी रोपं रात्री कोण बघणार? तेच येताहेत माझ्याकडे. मागच्या दोन खोल्यांत. तुला सांगितलं नाही त्यांनी?"

बाबांनी सांगितलं नव्हतं. चिंगीच्या हातातला पाइप एकाच रोपावर धरलेला राहिला, आणि माती वाहून त्याची मुळं उघडी पडली. बाईंनी येऊन तिचं मनगट हलक्या हातानं बाजूला केलं.

"त्यांना सांगायचं धाडस होईना," बाई म्हणाल्या. "तू एकटी पडशील म्हणून. मी म्हटलं, ती मोठी बाई आहे. ते म्हणाले, तुम्हाला चिंगी माहीत नाही."

इतके महिने चिंगीला भीती होती ती कुणीतरी आत येण्याची. कुणी बाहेर जाईल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी जाताना रिकाम्या हातगाडीची चाकं रस्त्यावर खडखडत होती, आणि त्या आवाजात तिला काय वाटतंय ते नीट कळेना.

त्या संध्याकाळी ती बाबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "बाबा, तो फ्रिज—"

"जुना आहे," बाबा मान वर न करता म्हणाले. "तुला नवा घेऊ. हा मी नेत नाही." मग त्यांनी बशीतून एक दात चिमट्यानं उचलला आणि तिच्यासमोर धरला. "हा बघ. याच्या शेजारच्यापेक्षा पिवळा वाटतो का? माझे डोळे आता सगळंच पांढरं दाखवतात."

चिंगीनं दात उजेडात नेऊन पाहिला. "थोडा पिवळा आहे."

"मग बदलतो."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. मावशी आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. एका बाजूनं बाईंच्या ओळखीचा खतवाला साक्षीदार होता, दुसऱ्या बाजूनं चिंगी, आणि तिसरा म्हणून कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला धरून आणला. कारकुनानं नातं विचारलं. "मुलगी," ती म्हणाली. बाईंनी त्या दिवशी नखं स्वच्छ घासली होती, तरी कडेला माती राहिलीच होती. सह्या झाल्यावर चौघं समोरच्या हॉटेलात गेले, चहा प्यायले, आणि खतवाला कुठल्या कंपनीचं खत कसं भेसळीचं असतं ते सांगत बसला.

बाबांचं टेबल मात्र हललं नाही. यंत्रं जड होती, आणि रोपवाटिकेत ओल फार, प्लॅस्टर टिकलं नसतं. म्हणून बाबा रोज सकाळी डबा घेऊन कामावर यावं तसे घरी यायला लागले, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला निघून जायला लागले. चिंगी पहिले काही दिवस रात्रीचा स्वयंपाक दोघांचा करत राहिली, मग हात आपोआप एकाचा अंदाज शिकला. कपाटावरची सुटकेस तिनं खाली काढली, आतले कपडे बघितले, काही वाटून टाकले आणि तिच्यात हिवाळ्याच्या चादरी भरून ती पलंगाखाली सरकवली.

एका सकाळी ती दुकानात जायला निघाली होती आणि दारावरची घंटा वाजली. बाबा उभे होते, हातात डबा, पायाला रोपवाटिकेतला चिखल.

"किल्ली हरवली का?" तिनं विचारलं.

"नाही. खिशात आहे."

"मग?"

"मला वाटलं, आधी विचारावं," ते म्हणाले आणि पायपुसण्यावर बूट घासत उभे राहिले. चिंगी बाजूला झाली. ते आत गेले, खिडकी उघडली, प्लॅस्टर कालवायचा वाडगा घेतला. जिना उतरताना तिला पॉलिशच्या यंत्राचा आवाज सुरू झालेला ऐकू आला.